जावई रोवणीला

परदेशात आम्ही सहा वर्षं एकत्र राहिलो, तिथल्या कचेरीत लग्नही केलं, पण बाबांनी फोनवर माझ्या नवऱ्याची एकदाही चौकशी केली नाही. पावसापाण्याचं विचारायचे, माझ्या खोकल्याचं विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे. शेवटी एका जुलैत मी त्याला घेऊन मोहाडीजवळच्या आमच्या गावी आले. बाबांनी त्याला एकदा तोंडाने जावई म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

वरठी स्टेशनवर बाबा जीप घेऊन हजर. सामानाला त्याला हात लावू दिला नाही. घरी आईने पाय धुवायला पाणी दिलं, बाबांनी ओसरीत नवी खुर्ची मांडली, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. सरबराईत नाव ठेवायला जागा नव्हती. बोलायचं मात्र नाही! तो समोर बसलेला आणि विचारायचे मला, "विचार त्याले, पोहे खाते का?" त्याला मराठी कळायचं. तो "हो" म्हणायचा. तरी बाबा माझ्याच तोंडाकडे बघत. मी काय पोस्टमन आहे का, असं दहादा ओठांवर आलं.

आणि हा दुसरा शहाणा! याच्या देशात पाहुण्याला पहिल्या दिवशी जेवू घालतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावतात. काम दिलं नाही म्हणजे माणूस परका. मी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सासऱ्यांनी मला सरपण रचायला लावलं होतं, आणि मी न्हाणीत जाऊन रडले होते. आपल्याकडे जावई कामाला हात लावत नाही, हे मी त्याला विमानात समजावलं, जीपमध्ये समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. हा वावरात! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाणी भरलेल्या बांधीतल्या चिखलात, बायांच्या रांगेत वाकून धानाची रोपं रोवत होता. बाया हसून हसून बेजार झाल्या होत्या.

दुपारपर्यंत गावभर झालं की म्हाताऱ्याने जावयाला रोवणीला जुंपलं. बाबा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी नवऱ्यावर खेकसले, "तुला नुसतं खुर्चीवर बसता येत नाही?"

"तुझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्या बायका बोलल्या."

मी त्याची चिखलाने भरलेली पँट उचलली आणि बादलीत भिजत घातली.

संध्याकाळी शेजारचे काका दोघातिघांना घेऊन मुद्दाम आले. ओसरीत टेकायच्या आधीच म्हणाले, "का जी, जवायाले चिखलात उतरवलं म्हंते लोक?"

संपलं, मला वाटलं. आता बाबा या जन्मात त्याच्याशी बोलत नाहीत.

बाबा ताडकन उठून बसले. "कोणता जवाई? पोरगा होय तो माहा! बापाच्या वावरात पोरगा नाही रोवन त कोण रोवन?" मग थेट नवऱ्याकडे वळले. "अन् तू! रांग काहून वाकडी केली बे? उद्या माह्यासंग चाल, दाखवतो तुले."

"हो, बाबा," तो म्हणाला.

 तेवढ्यात बाबांची नजर माझ्यावर पडली. "अन् सूनबाई, लोकं येऊन बसले, दिसून नाही राहिलं का? चहा मांड."

सगळे हसले. नवराही हसला! ज्या घरात जन्मले त्याच घरात सून होऊन मी स्वयंपाकघरात गेले, डोळे पुसत आणि चरफडत. आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला.

आईने माझा हात धरला. "तुह्या सासऱ्याचा फिक्का ठेवजो, सूनबाई. दोन वर्षांपासून शुगर आहे त्याईले."

लेकीला हे फोनवर कोणी सांगितलं नव्हतं.