काढता न येणारे दात

कुमारनं धोटा फेकला नाही, हातात धरून मारला. मागावरचा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. झिजून निकामी झाला म्हणून त्यानं कारखान्यातून घरी आणलेला. सिद्धेश्वरीचे वरचे पुढचे दोन दात जागच्या जागी गेले. एक पिठाच्या परातीत सापडला, दुसरा सापडलाच नाही. कारण विचाराल, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तिला शिलाईच्या टेबलाची मुकादम केलं होतं, आणि हा अजून मागावरच घासत होता. एवढं कारण पुरतं माणसाला बायकोचं तोंड फोडायला.

कारखान्यात तिनं सांगितलं, मोरीत पाय घसरला. शेजारच्या मशिनवरच्या रुक्सानानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दुपारी तिला स्कुटीवर बसवून दातांच्या डॉक्टर अक्षताकडं घेऊन गेली. हाडालाही मार लागला होता. ते भरून येईपर्यंत डॉक्टरनं काढता-घालता येणारी कवळी दिली. गुलाबी पट्टी, तिला दोन दात. झोपताना काढून पाण्यात ठेवायची, सकाळी टाळूला बसवायची. सिद्धेश्वरी पुन्हा आरशात बघून हसायला लागली, आणि कुमारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

हत्यारच गावलं की त्याला! मनात आलं की सकाळी फुलपात्रातली कवळी उचलायची आणि पँटच्या खिशात घालून कामाला जायचं. "जा की आता. बोळकं घेऊन कर जा मुकादमी." ती जायची नाही. दात नसण्याची तिला लाज नव्हती. लोक विचारणार आणि आपण पुन्हा खोटं बोलणार, याची होती. खाडे वाढत गेले. मालकाचा निरोप आला, असंच चाललं तर टेबल दुसरीला देतो.

मग ती कवळी तोंडात ठेवूनच झोपू लागली, तर त्यानं नवी रीत काढली. डाव्या हातानं तिचा जबडा दाबायचा, उजव्या हाताची दोन बोटं आत घालायची आणि बाटलीचं बूच उचकटावं तशी पट्टी उचकटायची. हिरड्या सोलून निघायच्या. ती रक्त थुंकत बसायची आणि हा खिसा थोपटत निघायचा. असल्या माणसाला म्हणायचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, पण ते छापण्याजोगे नाहीत.

हाड भरून आलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, "आता कायमचे दात बसवू. हाडात स्क्रू घालून त्यावर दात बसवता येतात. उत्तम काम, पण पक्कं व्हायला काही महिने जातात, तोवर कवळीच वापरायची. नाहीतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टोप्या घालून पक्के चिकटवलेले दात. तो लवकर होतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात. घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तुमच्या वयाला मी स्क्रूच सांगेन."

सिद्धेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ब्रिज दुसऱ्या कुणाला काढता येतोय का वो?"

डॉक्टर तिच्या सोललेल्या हिरड्यांकडं बघत राहिली. "नाही. तुम्हालाही नाही येणार. मलासुद्धा हत्यारं लागतील. बाई, तुम्ही पोलिसांत..."

"ते मागनं बघू की. आदी घासा."

भूल दिली होती, दुखत काहीच नव्हतं, तरी ती रडली. एका नालायकापायी दोन धडधाकट दात द्यावे लागत होते.

घरी तिनं काही सांगितलं नाही. कुमारला वाटलं, डॉक्टरनं कवळी बदलून दिली. ती पिशवी घेऊन कामाला निघाली, तसं त्यानं आतून कडी लावली.

"कुटं चाललीस? काढ आदी ते."

"न्हाय निघत."

त्यानं तिला भिंतीला दाबलं, जबडा धरला, बोटं आत घातली आणि दातांमागं अडकवून ओढलं. काही हललं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. नेहमीच्या कामात असं कधी झालं नव्हतं. तो बावचळून तिच्या तोंडात वाकून बघायला लागला, आणि त्याचा डावा हात सैल पडला.

तिनं तोंड मिटलं.

कातडी फाटली, खाली टणक काहीतरी लागलं, तरी ती थांबली नाही. तो मोकळ्या हातानं तिच्या कानशिलावर, मानेवर, दिसेल तिथं मारत सुटला. प्रत्येक फटक्यासरशी तिचे दात आणखी रुतत गेले. "सोड! मेलो गं, सोड!" म्हणत कुमार गुडघ्यांवर आला, ती त्याच्याबरोबर खाली बसली, पण सोडलं नाही. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि कितीतरी महिन्यांनी ते तिचं नव्हतं. तिला आनंद झाला. झालाच, लपवायचं कशाला?

शेजारी दारावर धडका देऊ लागले तेव्हा तिनं त्याला सोडलं आणि उठून कडी काढली. दारात सगळी गल्ली. सगळ्यांच्या पुढं शेजारची सुंदरम्मा.

"अय्यो, काय झालं गं?"

"माझे दात काढायलाय," सिद्धेश्वरी मागच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पयले ह्यानंच पाडले. नवे बी रोज काढून नेत हुता. आज चावले."

कुमार हात पोटाशी धरून कण्हत होता. तिनं पिशवी उचलली.

"ह्याला कुणीतरी दवाखान्यात न्या," ती म्हणाली, "मला कामाला जायचं हाय," आणि तोंड न पुसता रस्त्याला लागली.