वरून नको, हातात द्या

साळव्यांच्या आदेशनं लग्नाला नाही म्हटलं, तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. पेठच्या आसपास बागाईत जमीन, दारात ट्रॅक्टर, स्लॅबचं घर असलेली पोरं पस्तिशी उलटली तरी मुंडावळ्यांची वाट बघत बसलेली. आणि याच्याकडं राहुरीचे पाहुणे स्वतःहून स्थळ घेऊन आले. पोरगी नर्स, चर्चला जाणारी, दिसायला छान. तर हा गडी पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणतो, "पोरगी लई चांगली हाय, पर मला लगीनच करायचं न्हाई. मला फ्रान्सिस्कन ब्रदर व्हायचंय."

मुलीच्या मामानं विचारलं, "म्हंजे फादरच की?"

"फादर न्हाई, ब्रदर. वेदीवर उभं राहून मिस्सा म्हणायची न्हाई. भांडी घासायची, आजाऱ्याचं बघायचं, पडंल ते काम करायचं."

"मग मिळतं काय?"

"काय न्हाई. आपलं असं काय ठेवायचंच न्हाई. लोक देतील ते खायचं."

मामा उठला. पोहे तसेच राहिले. आदेशची आई वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडायला लागली, आणि बाप भरत साळवे, ज्यानं उभा जन्म नारायणगाव डेपोच्या एस्.टी.चं स्टिअरिंग धरलं आणि कुणापुढं मान खाली घातली नाही, तो पाहुण्यांसमोर लालबुंद झाला.

आता हे खूळ आलं कुठून, तर एका जळालेल्या मोटारीतून. आदेशचं पेठच्या स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पुण्याकडच्या एका मठातली पाण्याची मोटार जळाली, म्हणून तो गेला. मठ म्हणजे चार खोल्या, गोठा आणि भाजीचा मळा. तपकिरी झगा आणि कमरेला तीन गाठींची दोरी बांधलेले पाच-सहा ब्रदर तिथं राहत होते. मोटार बसवून आदेश निघाला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. म्हातारे ब्रदर सुभाष त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाले आणि त्यांनी ढिगातला पायात बसेल तो जोड सरळ पायात घातला.

"ब्रदर, त्या तुमच्याच हायेत ना?"

"माझ्या? इथं माझ्या अशा नाहीत रे. ज्याच्या पायाला येतील त्यानं घालायच्या."

एवढंच. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. पण ज्या गावात बांधावरच्या एका बाभळीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्या गावातल्या माणसाला हे ऐकून गरगरलं. आदेश घरी आला तो त्या चपलांचाच विचार करत. मग मोटार चांगली चालत असूनही तो ती तपासायला जाऊ लागला. ब्रदर सुभाषना ते कळत होतं. शेवटी त्यांनीच एकदा गोठ्यात शेण भरता भरता विषय काढला.

"तुला यायचंय इथं. पण पाचारण वेगळं आणि खोड वेगळी. देवानं बोलावलंय म्हणून येतोस, की कुणावर तरी राग आहे म्हणून? राग असेल तर येऊ नकोस. रागाचं काम झालं की तो निघून जातो, मग माणूस झग्यात एकटाच उरतो. आणि खोड असलेली माणसं आमच्याकडं आधीच भरपूर आहेत."

आदेशनं मनात शोधून पाहिलं, तर राग होता. चांगला मुरलेला होता. तो त्याचा स्वतःचाही नव्हता, घराचा होता.

त्याचा आजा बहिरू गावाचा येसकर. मेलेलं जनावर ओढायचं, सांगावा पोचवायचा, गस्त घालायची, आणि त्या बदल्यात संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. बहिरूच्या बापाच्या वेळीच घर ख्रिस्ती झालं होतं, रविवारी सगळे प्रार्थनेला जायचे आणि सोमवारी भाकरीला. गावानं नवा देव चालवून घेतला, भाकरी मात्र जुन्याच रीतीनं दिली. येसकरानं दोन्ही हातांनी फडकं पसरायचं, आणि घरच्या बाईनं स्पर्श होऊ नये म्हणून वरून टाकायची. लहानगा भरत कधीकधी बापाबरोबर असायचा. मग एके दिवशी बहिरूनं भर चावडीसमोर सांगितलं, उद्यापासून माझ्या घरचं कुणी भाकरीला येणार नाही. गावानं त्याला मजुरी देणं बंद केलं. त्यानं पुणे-नाशिक रस्त्यावर खडी फोडली, पोरं उपाशी झोपवली, पण पुन्हा कुणापुढं फडकं पसरलं नाही. साळव्यांच्या घरात बहिरूचं नाव निघालं की आजही आवाज खाली येतो, इतका त्याचा मान.

आणि त्याच घरातला पोरगा म्हणतो, लोक देतील ते खाईन.

पाहुणे गेल्यावर काही दिवस भरतनं आत दाबून ठेवलं. मग एका रविवारी चर्चहून आल्यावर, जेवणाची ताटं मांडली असताना, त्याचा बांध फुटला.

"माझ्या बापानं मागणं सोडलं म्हणून मी ड्रायव्हर झालो. मी ड्रायव्हर झालो म्हणून तू शिकलास. आन तू शिकून काय करणार, तर मागून खाणार?"

"बाबा, आज्याला मागायला लावत व्हते. मला कोण लावतंय?"

"पोटात गेल्यावर दोन्ही भाकऱ्या सारख्याच!"

"सारख्या न्हाईत."

"न्हाईत? मग पुण्याला कशाला जातोस? तिथं काय, झगा बघून मॅडम लोक डबं भरून देतील. हितं माग! त्या ट्रॅक्टरवाल्या भगवंतच्या दारात जाऊन माग, जिथं माझ्या बापाच्या फडक्यात वरून भाकर पडायची. हाय का हिंमत?"

भरतला वाटलं, आता पोराची वाचा बसेल. याच एका गोष्टीवर तो चुकला. बहिरूची जिद्द साळव्यांच्या घरात वारशानं कुणाकडं आली असेल, तर ती आदेशकडंच. तो ताटावरून उठला. दोरीवरचा धुतलेला पंचा घेतला आणि म्हणाला, "बरं."

वैजयंती मागून ओरडली, "आवं, थांबवा की त्याला!" पण तोवर आदेश अंगण ओलांडून गेला होता.

भरदुपारी आदेश भगवंतच्या दारात उभा राहिला. भगवंत अंगणात ट्रॅक्टर धूत होता. तो खूश झाला. याच्या विहिरीवरची मोटार आदेशच दुरुस्त करायचा, आणि दर वेळी ओट्यावर बसून चहा व्हायचा. त्या घरात आता कुणी शिवाशीव पाळत नव्हतं, निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

"ये राव, ये! मोटारीला काय झालं काय?"

"न्हाई आण्णा. भाकर मागाय आलोय."

भगवंत हसला. मग पंचा बघून हसायचा थांबला. आवाज ऐकून त्याची म्हातारी आई अंजनाबाई बाहेर आली. तिला काय उमगलं कोण जाणे, पण दारात भुकेलं माणूस उभं आहे म्हटल्यावर ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचाही होता. हे प्रेमच होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण आदेशनं पंचा पुढं केला मात्र, आणि म्हातारीचा हात आपसूक वर गेला. सासूनं लग्नानंतर शिकवलेली रीत हात विसरला नव्हता.

आदेशनं पंचा मागं घेतला. भाकरी पायरीवर पडता पडता म्हातारीनं सावरली.

"आजी, वरून नको. हातात द्या," असं म्हणून त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि उजवा तळवा पुढं केला.

अंजनाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला. भगवंत नळी टाकून पुढं आला. "आरं, काय हे? आमच्यात बसून चहा पितोस की! आज काय नवीन काढलंस?"

"चहा पितो तो मोटारवाला, आण्णा. आज बहिरूचा नातू आलाय."

समोरच्या घराच्या ओसरीवर माणसं गोळा झाली. कुणीतरी मोबाईल काढला. अंजनाबाई म्हणाली, "बाळा, आत ये. पान वाढते, पोटभर जेव."

"आत न्हाई, आजी. आत आलो की मी पावणा. पावण्याला कुणीबी मान देतं. मी मागाय आलोय, तर मागणाऱ्याच्या हातात द्या. जमत नसंल तर तसं सांगा. उद्या परत येईन."

त्यानं हात तसाच पुढं धरून ठेवला. म्हातारीनं त्या तळव्याकडं पाहिलं. मग दोन पायऱ्या उतरून खाली आली, भाकरी त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपला हात वरच ठेवला. "तुझ्या आज्याला कधी दिली न्हाई रे अशी," ती म्हणाली. "एकदाबी न्हाई." आणि तिथंच पदर डोळ्याला लावला.

आदेशला वाटलं होतं, आता जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच झालं नाही. राग मात्र गेला, खरंच गेला. त्यानं घाबरून मनात चाचपून पाहिलं. ब्रदर सुभाष म्हणाले होते, राग गेला की माणूस एकटाच उरतो. पण उरली होती ती भूक, आणि या पायरीवर बसावं, मग दुसऱ्या पायरीवर जावं, असंच जन्मभर हिंडावं अशी साधी, हट्टी इच्छा. ती आता कुणाच्या विरुद्ध नव्हती. त्याला इतका आनंद झाला की तो पायरीवरच बसला आणि ठेचा लावून भाकरी खायला लागला. अंजनाबाई त्याच्या शेजारी टेकली.

भरत तोवर रस्त्यापलीकडं येऊन उभा होता. पोराला ओढून न्यायला आला होता, आणि वरून पडणाऱ्या भाकरीखालून पंचा मागं घेतलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तो रस्ता ओलांडून आला. आदेशनं उरलेली अर्धी भाकर त्याच्यापुढं धरली.

"मी न्हाई खाणार," भरत म्हणाला. "या घरची मरस्तवर न्हाई खाणार."

"नका खाऊ."

"माझ्या बापानं सोडलं ते बरोबर व्हतं."

"व्हतंच की बाबा."

अंजनाबाईकडं भरतनं पाहिलंही नाही. मग आदेशच्या खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या माडीच्या घराकडं बोट दाखवलं.

"ते ऱ्हायलं," तो म्हणाला. "तिथंबी वरूनच टाकायचे."