सहाव्या उंदराची सुई

पिंजरा उघडण्याआधी तो टिचकी मारायचा. उंदराला शेपटीने कधी उचलायचा नाही, ओंजळीत घ्यायचा. जेवणाआधी दोनदा हात धुवायचा, तरी डबा उघडताना मला विचारायचा, "गंधाली, हाताला वास येतोय काय गं?" शुक्रवारी माझ्यासाठी वेगळा सुका जवळा आणायचा.

यज्ञेश वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचा. मी साहित्यात एम.ए. करून तिथेच अहवाल टाइप करायचे.

उंदराच्या खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते. ती जळते आणि अंग गरम ठेवते. उत्तेजक औषध टोचल्यावर ती किती जोरात जळते, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख माधुरी मॅडमना मोजायचं होतं. प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा. हे काम नीट पार पडलं की यज्ञेश नोकरीत कायम होणार होता.

एका दुपारी टोचलेले सहा उंदीर थरथरायला लागले. यज्ञेशला वाटलं, घाबरलेत. त्याच्या घरी आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. त्याच्या टायफॉइडमध्ये भावंडं त्याला मध्ये घेऊन झोपायची. त्याने सहाही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले आणि जेवायला आला.

आम्ही परतलो तेव्हा सगळे मेले होते. अंगं अजून तापलेली होती.

"वाट लागली माझी," तो म्हणाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेकाचं तापमान घेतलं.

"याच डोसला एकटे ठेवलेले जगले होते ना?"

"हो मॅडम."

"मग झकास. म्हणजे गर्दीत अंगाची उष्णता बाहेर पडलीच नाही. उद्या आणखी सहा घे. मुद्दाम एकत्र ठेव. तुझा हात बसलाच आहे."

"मरतील ते."

"तेच मोजायचंय. तुझं कायम केल्याचं पत्र सही करून ठेवते. काम झालं की घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तो एकेकाला टोचून एकाच पिंजऱ्यात सोडत गेला. पाचव्याच्या वेळी टिचकी मारली नाही. सहाव्याची सुई भरली, ट्रेमध्ये ठेवली.

"पाणी पिऊन येतो गं."

तो आला नाही. फोन बंद. मी पिंजऱ्यापाशी उभी होते. पाच जणांना वेगळं केलं असतं तर कदाचित जगले असते. मी हात घातला नाही. पाऊण तासात ते मेले.

पत्र मॅडमच्या टेबलावर तसंच होतं. ट्रेमध्ये भरलेली सुई. बाजूच्या पिंजऱ्यात सहावा उंदीर दाणे कुरतडत होता.