सुरतेची सतरंजी

माझ्या बहिणीचा सासरा वारल्याची तार कलकत्त्याहून आली तेव्हा मी आंघोळ केली नाही. घरच्यांनी घंगाळात पाणी काढून ठेवलं, दोनदा हाका मारल्या, शेवटी पाणी निवून गेलं. व्याही गेला की अंगावर पाणी घ्यावं ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण त्या माणसाने नंदुरबार स्टेशनच्या फलाटावर माझ्या आईचं जे केलं ते मी विसरलो नव्हतो, आणि आज म्हातारा झालो तरी विसरलेलो नाही. रीतीभातींचा मक्ता त्याने घेतला होता. मी कशाला पाळू?

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. बहिणीच्या लग्नाला सुरतेहून वऱ्हाड रेल्वेने आलं. आम्ही त्यांना घ्यायला दमण्या पाठवल्या होत्या, बैलांवर झुली घालून. गावात सगळ्यांची वऱ्हाडं बैलांच्या दमणीतूनच यायची. पण या गृहस्थाला सुरतेचं पाणी लागलेलं. मुळात आपल्या खानदेशातलाच, घरात अहिराणीच बोलणारा. सुरतेला एका कापडाच्या पेढीवर मुनीम काय झाला, आपण जन्मापासून घोडागाडीतच बसत आलो असं त्याला वाटू लागलं. "टांगा काबर नही धाडा?" म्हणाला, आणि दमणीत बसलाच नाही. भर उन्हात काळा कोट घालून धुळीतून जानवशापर्यंत पायी आला, आणि आपला अपमान झाला असं त्याने ठरवून टाकलं. माझ्या वडिलांनी आपलं पागोटं त्याच्या पायावर ठेवलं. त्याने ते उचललंसुद्धा नाही. वडील शिंप्याचा धंदा करणारे, कोणाला वाकडा शब्द न बोलणारे. त्यांनीच ते उचलून, झटकून परत डोक्यावर ठेवलं.

त्यानंतर बहीण माहेरी आली नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. मी सुरतेला गेलो. त्याने मला ओसरीवर बसवलं, जेवू घातलं, पेढीवरच्या बढाया ऐकवल्या, आणि संध्याकाळच्या गाडीला एकट्यालाच लावून दिलं. बहीण आतल्या दाराआड उभी होती. तिचे पाय तेवढे मला दिसले. पुढे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही त्याने होऊ दिलं नाही. घरात बाईमाणूस नाही, स्वतः विधुर, तरी कोणीतरी बाई लावून सुरतेलाच उरकलं. मुलगा झाला हे आम्हाला कळलं ते समोरच्या मारवाडी शेठकडून. शेठचं कापडाचं दुकान होतं आणि माल आणायला तो वरचेवर सुरतेला जायचा. जगात कोणाला नातू झाल्याची खबर दुकानदाराकडून कळली असेल तर ती माझ्या आईला.

पोर चालायला लागलं असेल नसेल, तेव्हा शेठ आणखी एक बातमी घेऊन आला. पेढीचं दुकान कलकत्त्याला निघत होतं आणि व्याहीबुवा, जावई, बहीण, मूल असं सगळं बिऱ्हाड तिकडे हलणार होतं.

"परत कधी येतीन?" आईने विचारलं.

"कायमना जाई ऱ्हायनात, माय," शेठ म्हणाला.

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. कलकत्ता कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, पण कायमचं म्हणजे काय ते बरोबर कळलं. ती वडिलांकडे वळून म्हणाली, "माले काही नको. त्या पोऱ्याले एकदाव हातमा लिसू, बस."

तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्यांच्या प्रवासाचा बेत सुरू झाला. सुरतेहून कलकत्त्याला जायच्या दोन वाटा. एक मुंबईवरून, आणि दुसरी आमच्यावरून: नंदुरबार, अमळनेर, मग भुसावळला गाडी बदलून नागपूर आणि तिथून पुढे. मी स्टेशनवर जाऊन सगळं विचारून आलो. दुपारची गाडी धरली तर भुसावळला पुढची मेल सापडते, रात्रीची धरली तर तिथे फलाटावर पडून राहावं लागतं. कडेवर मूल असताना कोणीही शहाणा माणूस दुपारचीच धरणार, असं वडील म्हणाले. मला त्यातला शहाणा हा शब्द पटला नाही. मला वाटायचं, हा मुद्दाम मुंबईवरून जाईल, हाडं खिळखिळी करून घेईल, पण आमचं स्टेशन टाळेल. आईला त्याची फिकीर नव्हती. नंदुरबारला इंजिन पाणी घेतं, त्यामुळे गाडी चांगली थांबते, एवढं तिने धरून ठेवलं होतं.

वडिलांनी शेठबरोबर निरोप धाडला: तुम्ही याच वाटेने जा, गाडी थांबेल तेवढा वेळ लेकीला खाली उतरू द्या, आई तिला भेटेल, नातवाला घेईल. शेठ पुढच्या फेरीला उत्तर घेऊन आला. दुपारच्या गाडीने, आमच्यावरूनच जाणार. पण सून खाली उतरणार नाही. मुराळ्याबरोबर रीतसर आल्याशिवाय सुनेने माहेरच्या मातीला पाय लावायचा नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत. मुराळी म्हणून गेलेल्या मला परत कोणी लावलं होतं, ते मात्र घराणं विसरलं होतं.

वडील आयुष्यात क्वचित थट्टा करायचे. ते म्हणाले, "त्यास्ले सांगा, फलाट रेल्वेना शे, मन्हा बापना नही." शेठने तेही जाऊन सांगितलं. उत्तर आलं, नंदुरबारची माती ती नंदुरबारची माती, तिच्यावर फरशी टाकली म्हणून ती काही सुरतेची होत नाही.

तोडगा आईने काढला. "तिना पाय मातीले लागाले नको ना? मंग मातीवर काही आथरा." आमच्या घरचं अंथरूण चालणार नव्हतं, ते माहेरचंच झालं असतं. शेठ म्हणाला, माझ्या दुकानात सुरतेहून आणलेली कोरी सतरंजी आहे, अजून घडी मोडलेली नाही. ती डब्याच्या दाराशी अंथरू. पोरगी सुरतेच्या गाडीतून सुरतेच्या सतरंजीवर उतरेल, बोलायला जागाच नाही.

हा निरोप गेला आणि व्याह्याने एका शब्दात उत्तर दिलं, "चाली." घरात केवढा आनंद झाला! आईने शेठसमोर गूळपाणी ठेवलं. मला तो एक शब्द काही गोड लागला नाही. हा माणूस इतक्या सहजासहजी हो म्हणतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं मी बोलून दाखवलं. वडिलांनी मला झापलं. "स्टेशनवर तू तोंड उघाडू नको," म्हणाले.

ते निघणार त्या दिवशी आई पहाटेपासून चुलीपुढे होती. लेकीला लहानपणापासून खापरावरचे मांडे आवडायचे. वाटेत खायला म्हणून आईने ते केले, वर तुपाचं गाडगं भरून घेतलं, आणि टोपलीवर फडकं बांधून आम्ही तिघं गाडीच्या कितीतरी आधी फलाटावर जाऊन बसलो. गाडी आली. कुठला डबा ते ठाऊक नव्हतं. मी सतरंजी खांद्यावर टाकून गाडीच्या कडेने पळत सुटलो, एकेका खिडकीत डोकावत, लोकांचे धक्के खात, थेट शेवटच्या डब्यापर्यंत गेलो. मागून हाक आली, "ओ मुराळी! अठे, अठे!" व्याही मधल्या एका डब्याच्या दारात उभा होता. मी त्याच्यासमोरून गेलो होतो. जाताना त्याने पाहिलं होतं आणि गप्प राहिला होता. डबे मोजून दमलो तेव्हा त्याला हाक मारायची आठवण झाली.

मी सतरंजी अंथरली. त्याच्या मागे बहीण उभी होती, डोळ्यांपर्यंत पदर, कडेवर मूल. तिने एक पाय पायरीवर टाकला. त्याने आडवा हात धरला. "थांब," म्हणाला, आणि आपण आधी उतरला. जोडे काढून बाजूला नीट लावून ठेवले. मग सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसला. "हं, व्याहीबुवा," म्हणाला, "काय काय आनं शे?"

आमच्यात सासरा बसलेल्या बैठकीवर सून पाय ठेवत नाही. तो बसला असेल तर ती जमिनीवर बसते, आणि इथे जमीनही तिला बंद होती. हे त्याला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं, पण इतके दिवस खल करताना आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बहिणीने पायरीवरचा पाय मागे घेतला.

व्याही बैठकीवर बसला म्हणजे त्याचं आदरातिथ्य आलंच. वडिलांनी हात जोडले. आईने पदर पुढे ओढला, टोपली सोडली आणि लेकीसाठी केलेले मांडे त्याला वाढले. तो खाऊ लागला. मी पुष्कळ माणसं जेवताना पाहिली, पण इतक्या सावकाश जेवणारा पाहिला नाही. एकेक घास तुपात बुडवायचा, चावायचा, सुरतेला तूप कसं मिळतं ते सांगायचा, पुन्हा एक घास. आई मान वर करायला गेली की हा पानावर बोट ठेवायचा. तिने वाढावं आणि वाकलेलं राहावं. दार तिच्या पाठीशी होतं. दाराशी मूल रडत होतं ते तिला ऐकू येत होतं.

मला राहवलं नाही. मुलाला निदान मी तरी घ्यावं म्हणून दाराकडे निघालो.

"जेवनारले वलांडस का रे?" तो म्हणाला. "हाई शिकाडं का तुले?"

माझ्या मनात आलं, सतरंजीचं टोक धरून असा हिसडा द्यावा की हा पानासकट रुळांवर पडावा. वडिलांनी माझं मनगट पकडलं. जावई डब्यात उभा राहून तंबाखू मळत होता आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत होता. बाहेर एक कुंपण होतं, दुसरं काही नव्हतं. अशा माणसाला नवरा म्हणायचं बहिणीच्या नशिबी आलं.

मी जिथे अडलो तिथून मला मूल नीट दिसलं. पण त्याच वेळी इंजिनाने शिटी दिली. व्याह्याने पाण्याचा तांब्या मागितला, खळखळून चूळ भरली, सतरंजीच्या काठावर हात धुतला. "मांडा जरासा जाड व्हयना," आईला म्हणाला. उठला, जोडे घातले, आणि सतरंजीकडे बोट दाखवून मला म्हणाला, "झटकी दे. सुरतनी शे ना, सुरतवालास्नी." वडिलांनीच ती घडी करून त्याच्या हातात दिली. शेठच्या दुकानातली कोरी सतरंजी!

दार लागलं. आई उठून खिडकीशी धावली. खिडकीत तो बसला होता. त्याच्या मागे कुठेतरी बहीण "माय, माय" म्हणत होती आणि गाडी हलली. गजांवर आईचा हात होता. तो तिने कधी सोडला की सुटला, मला कळलं नाही.

परतताना वडील पुढे निघून गेले. आई रिकामी टोपली डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर चालत होती. मी त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलत होतो. तिने मध्येच विचारलं, "तू देखं ना पोऱ्याले? माले काही दिसनं नही. कोनासारखा दिसस रे?"

मी पाहिलं होतं. तेच बसकं नाक, तीच पुढे आलेली हनुवटी, रडतानासुद्धा तशीच ताठ मान. पोर हुबेहूब आपल्या सुरतेच्या आजोबावर गेलं होतं. एवढंसं लेकरू, पण पाहताक्षणी मला त्याचा तिटकारा आला होता.

"तुन्हासारखा," मी म्हणालो. "नाक, डोया, सगळं तुन्हं."

आई रस्त्यातच थांबली. तिने आपल्या नाकावरून, गालांवरून हळूच बोटं फिरवली आणि हसली. ती मंडळी कलकत्त्याहून कधी आली नाहीत. आई जिवंत होती तोवर दारी येईल त्याला सांगायची, मन्हा नातू मन्हावर गया शे. दरवेळी ते ऐकताना मला त्या माणसाचा नव्याने संताप यायचा, कारण माझ्या आईशी एवढं मोठं खोटं त्याच्यामुळे मला बोलावं लागलं होतं.