वन्संचा रांजण

आमच्या वन्सं खापरं जोडतात. कुणी विचारलं तर मी हे असंच सांगते, कारण ‘संग्रहालयात दुरुस्ती विभागात असतात’ म्हटलं की लोक त्यांना घरचा बंद पंखा दाखवायला नेतात. ह्यांचं म्हणणं वेगळंच. "लहानपणी घरातलं प्रत्येक खापर ताईने माझ्या डोक्यावर फोडलं. आता जोडत बसलीये, बसू दे."

संग्रहालयाच्या मागच्या जिन्याखाली त्यांची खोली. एक लांब टेबल, उत्तरेला खिडकी, वाळू भरलेले ट्रे आणि त्या वाळूत उभे खोचलेले मातीचे तुकडे. जुने टूथब्रश, कापूस, दात कोरायच्या काड्या. गोंद सोडवायच्या औषधाचा वास थेट नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा. तिथे गेलं की मला उगाच आपली नखं बघावीशी वाटतात. आणि मधोमध, फिरत्या पाटावर, माझ्या कमरेएवढा रांजण. तुकडे चारशे तेरा. इतर कामं सांभाळून सहा वर्षं वन्सं तो जोडत होत्या. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नंबर आणि तारीख.

रांजण आठशे वर्षांपूर्वीचा. शत्रूने वेढलेल्या एका गावाच्या जळक्या कोठारात सापडलेला. त्या वेढ्याबद्दल एका शिळेवर एकच ओळ आहे: राजाने सात महिने नगर राखले. ही ओळ वन्संच्या डोक्यात जाते.

"राजाने राखलं म्हणे! तलवारी खाऊन काढले का गावाने सात महिने? धान्य खाल्लं. आणि धान्य होतं कशात?"

"रांजणात!" आम्ही सगळे एका सुरात. आठवड्यातून दोनदा तरी जेवताना हा प्रश्न येतो आणि त्याच्या पाठोपाठ, "यावर सिनेमा व्हायला हवा."

"हिरो कोण?" ह्यांनी एकदा विचारलं.

"कुंभार. आणि त्याची बायको."

"आणि लढाई?"

"मागून आवाज येईल की! तू आमटी घे."

हसायचो आम्ही, पण वन्संना ते मनापासून हवं होतं. आणि एक दिवस संधी चालून आली. जुन्या काळावर सिनेमे काढणारा एक दिग्दर्शक राजाची तलवार बघायला संग्रहालयात येणार होता, गुरुवारी अकराला. संग्रहालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, वन्संना म्हणाल्या, "रांजण पुरा उभा असेल तर दहा मिनिटं तुमच्याकडे आणते त्यांना. अर्धवट असेल तर नाही हं. पाहुण्याला पसारा दाखवायचा नाही मला."

एकच तुकडा उरला होता. वन्सं आठवडाभर घरात गुणगुणत होत्या.

बुधवारी त्या चष्मा घरी विसरल्या, म्हणून मी तो द्यायला गेले. खोलीत वन्सं आणि सुतारकाका रांजणाकडे बघत उभे. सुतारकाका म्हणजे संग्रहालयाची कपाटं आणि पाट बनवणारे. त्यांच्या हातात कानस होती.

"बसत नाहीये," वन्सं म्हणाल्या. "तांदळाच्या दाण्याएवढी जागा कमी पडतेय."

"दोन हात मारतो, ताई," सुतारकाका म्हणाले. "कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"कवळी बसत नाही म्हणून कुणी हिरडी तासतं का हो?"

"मी हिरडी कुठे म्हणतोय? दात तासा!"

वन्संनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. रांजणाच्या खांद्याभोवती ओल्या मातीत अंगठा दाबत दाबत केलेली पट्टी आहे. अर्ध्या वाटेपर्यंत अंगठा मोठा, उजव्या हाताचा. मग एकदम लहान, डाव्या हाताचा. जिथे अंगठा बदलला, ती जागा नेमकी या तुकड्याच्या कडेवर. कानस तिथेच फिरणार होती.

"वन्सं, उद्या अकराला माणूस येतोय," मी म्हटलं.

"माहितीये गं."

त्यांनी चष्मा लावला आणि सांध्यांवरून नख फिरवायला सुरुवात केली, वरून खाली, अगदी हळू. खाली कुठे एक सांधा केसभर चुकला, की ती चूक प्रत्येक तुकड्याबरोबर वर चढत जाते आणि शेवटच्याची जागा खाते, असं त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. पोटाच्या गोलाईवर नख अडलं. बॅटरी आत घालून त्यांनी नंबर वाचला. एकशे बारा. मग तारीख वाचली आणि खो खो हसत सुटल्या.

"अगं, तुझ्या लेकीचा वाढदिवस! तू दवाखान्यात, मी इथे. गोंद सुकेपर्यंत हाताने धरायचा तुकडा मी चिकटपट्ट्यांवर सोडला आणि फोनकडे पळाले. ‘मुलगी झाली’ ऐकून परत आले तेव्हा सुकलेलाही होता. सरकलाय मेला!"

"म्हणजे सहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांची चूक," सुतारकाका म्हणाले.

"लेक निदान सरळ बसते," मी म्हटलं.

"कधी?" वन्सं म्हणाल्या आणि औषधाची बाटली उघडली.

चार वाजेपर्यंत एकोणचाळीस तुकडे उतरले. रांजणाच्या एका कुशीला भगदाड पडलं. वन्संनी हात धुतले आणि मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, की उद्या तलवारच दाखवा. रात्री जेवताना त्यांनी धान्य कशात होतं ते विचारलं नाही. आम्ही वाट बघितली. मग ह्यांनीच ताटाकडे बघत हळूच "रांजणात" म्हटलं. त्या हसल्या, पण पोळी अर्धीच खाल्ली.

गुरुवारचं मला सुतारकाकांनी सांगितलं. सकाळपासून दोघं एकशे बाराच्या कडा पुसत होते. अकराला काकांना तलवारीच्या कपाटाची काच उघडायला बोलावणं आलं. दिग्दर्शकाने तलवार पाहिली, दोन फोटो काढले, जांभई दाबली आणि हात धुवायला कुठे जाऊ म्हणून विचारलं. काका त्याला मागच्या जिन्याने घेऊन आले. नळ वन्संच्या खोलीतही आहे, पण तलवारीच्या दालनासमोरही एक आहे. काकांनी तो दाखवला नाही, एवढंच.

वन्सं गोंद लावलेला तुकडा दोन्ही हातांनी दाबून उभ्या होत्या. नळाच्या आवाजाने त्यांनी मान वळवून पाहिलं.

"ओळखलं मी तुम्हाला. हात धुतलेत? पुसा नीट. आता हे असं धरा. बोललात तर चालेल, हललात तर नाही. मला खालचा सांधा बघायचाय."

तो गडबडून पुढे झाला आणि धरून बसला. "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"मला पंचवीस मिनिटांत निघायचंय."

"मग झालंच की. पाच मिनिटं उरतात."

माणसाचे दोन्ही हात अडकलेले, फोन खिशात वाजून वाजून गप्प झालेला, आणि समोर वाळूत उभा तो शेवटचा तुकडा. वन्संनी गोष्ट सांगितली. तुटक्या कडा दाखवल्या: मध्ये माती काळी राहिलीय, म्हणजे भट्टी घाईत उतरवली. शत्रू येतोय हे गावाला कळलं होतं. धान्य आत आणायचं, तर भांडी हवीत. कोठारातले चाळीसच्या चाळीस रांजण असेच घाईचे. आणि या एकावर अंगठा बदललाय.

"का बदलला?" त्याने विचारलं.

"मला वाटतं, कुंभाराला तटावर बोलावणं आलं. ओली माती काही थांबत नाही. म्हणून पट्टी त्याच्या बायकोने पुरी केली."

"तो परत आला?"

"ते मला कसं ठाऊक असणार? माझं काम जेवढी खापरं आहेत तेवढ्यांचं."

बारा वाजले तरी तो गेला नव्हता. एकशे तेराही त्यानेच धरला. मोठ्या बाई शोधत आल्या आणि पसारा बघून काही म्हणणार, तर तोच म्हणाला, "श्श. सुकतंय."

महिन्याभरात रांजण पुरा झाला. शेवटचा तुकडा कानस न लागता बसला. वन्संच्या मते टक् असा आवाजही आला. सिनेमा निघेल की नाही, कोण जाणे. पैसे उभे राहायचेत म्हणतात. पण परवा त्या दिग्दर्शकाने पटकथेची पहिली तीस पानं पाठवली. वन्सं पेन्सिल घेऊन वाचायला बसल्या आणि दुसऱ्याच पानावर उसळल्या.

"मळलेल्या मातीत हात आहेत आणि ही बाई बोटांनी केस मागे सारते म्हणे! फोन दे गं इकडे."

मी फोन दिला.

"हॅलो? मी बोलतेय. अहो, मनगटाने! केस मनगटाने सारतात!"