दुसऱ्या फुग्याची तारीख

नाव विचारायच्या आधी ती समोरच्याचं मनगट हातात घ्यायची. नाडी मोजून झाली की मग, "हं, आता सांगा, कोन्या गावच्या?" वडवणीपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या आरोग्य केंद्रात ती नर्स होती आणि मी औषधं देणारा. सात वर्षं आम्ही समोरासमोरच्या खोल्यांत काम केलं. सगळं गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं.

लसीकरण चुकवणाऱ्या आयांवर ती रागवायची नाही. घरी जाऊन बसायची, चहा घ्यायची आणि उठताना म्हणायची, "मंगळवारी न्हाई आलीस तर बुधवारी मी पुन्हा येते. मला लई चालाया लावू नको." बाई मंगळवारी हजर व्हायची.

चालणं तिला खरंच जड जात होतं, हे मला उशिरा कळलं. पोटऱ्या भरून येतात, डोकं ठणकतं, एवढंच ती सांगायची आणि गोळी न्यायची. मीही देत राहिलो. मग नवे डॉक्टर आले. त्यांनी एकदा तिचाच रक्तदाब मोजला, तो भलताच वाढलेला निघाला. मग पायाची नाडी शोधली. बराच वेळ शोधली, सापडेना. डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. ती मात्र हसत होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिची आई आणि मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या तोंडाशी असलेली झडप जन्मापासून आखडलेली, आणि तिथून निघणारी मोठी धमनीही पुढे एका जागी चिमटल्यासारखी. दोन्ही जागा मांडीतून नळी घालून फुग्यानं रुंद करता येतील. आधी धमनी, सहा आठवड्यांनी झडप. धमनी मोकळी झाली की बरं वाटेल, पण त्यावर विसंबू नका, हृदयात जोर आहे तोवर दुसरं उरकायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं.

"छाती फाडणार न्हाईत ना? मग काय भ्यायचं," ती बाहेर येऊन म्हणाली. मला वाटतं, घात तिथंच झाला. टाका नाही, व्रण नाही. असला इलाज कुणालाही पुढे ढकलण्याजोगाच वाटतो.

पहिला फुगा नीट पार पडला. जन्मात पहिल्यांदा तिचे पाय गरम राहू लागले. आईला ती सारखी हात लावून बघायला सांगे. डोकेदुखीही गेली.

दुसरी तारीख नेमकी ऊसतोड टोळ्या निघायच्या आठवड्यात आली. पोलिओचे डोस राहिले होते. "भाऊ, फोन करून पंधरा दिवस पुढं घ्या," ती म्हणाली. "टोळ्या गेल्या की पोरं सहा महिने हाती लागायची न्हाईत."

मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "मला काय होतंय ते मला कळंना व्हय?" गावात नुकत्याच आलेल्या एसटीडी बूथवर जाऊन मी तारीख बदलून घेतली. चक्कर आली, दम लागला तर तसंच निघून या, असं पलीकडून सांगितलं गेलं. निरोप मी तिला दिला. दोनच दिवसांनी ती केंद्राच्या पायरीवर चौकट धरून उभी दिसली, ओठ पांढरे पडलेले. आत तिची आई बसली होती. सिस्टरबाईनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं आणि मी गप्प राहिलो.

फोन केल्याच्या नवव्या दिवशी तांड्यावर, भांडीकुंडी भरलेल्या ट्रकवर चढून लेकरांना डोस देताना ती कोसळली. जीपनं पुण्याला निघालो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर तिनं डोळे उघडले आणि किती पोरं राहिली ते विचारलं. एकही नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

पोचताच डॉक्टरांनी दुसरा फुगा फुगवला. झडप उघडली. "पण हृदय आता थकलंय," ते मला म्हणाले. "ठरल्या तारखेला आल्या असत्या, तर जोर होता." चौथ्या दिवशी ती गेली.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. एक बाई कडेवर लेकरू घेऊन केंद्रात आली. नव्या नर्सनं हात पुढे केला, तशी तिनं लेकरू पदराखाली ओढलं आणि पायरीवर बसली.

"सिस्टरबाई येऊस्तोवर थांबते," ती म्हणाली. "त्यास्नी सांगा, म्या आपल्या पायानं आलेय."

मी खिडकीशी उभा होतो. केंद्र बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मला बाहेर जाऊन सांगावं लागलं.