आईचा पाच लिटरचा कॅन

मंडळी, आज दुपारी मुंबईहून क्रूझवर चढलो. मी, बायको आणि माझी आई. आईने भातसानगरच्या घरून पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून आणला होता. परगावचं पाणी आपल्याला बाधतं, हे तिचं ठाम मत.

तपासणीच्या मुलीने विचारलं, "मावशी, बरोबर काही ड्रिंक आहे का?"

आई भडकली. "आमच्या घरात कोणी पीत नाय!"

तेवढ्यात मशीनमधून कॅन बाहेर आला. बाहेरचं पाणीसुद्धा चालत नाही म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला. मी हात जोडले, पण नियम तो नियम. आई म्हणाली, "मग मी तीन दिवस तहानलेली राहीन."

आणि खरंच, जेवताना तिने ग्लासाला हात लावला नाही. शेवटी वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं, "हे पाणी कुठलं हो?"

"मुंबईत भरतो साहेब, नळाचं. गाळून देतो."

आईने मान वर केली. बाबांची सगळी नोकरी भातसा धरणावर गेली. तिथलं पाणी मुंबईच्या नळांना जातं, हे तिला कोणी सांगायला नको.

"म्हंजे आपलंच की रे!"

सलग दोन ग्लास प्यायली. आता शेजारच्या टेबलावर जग घेऊन गेलीये आणि अनोळखी माणसांना आग्रह करतेय, "घ्या, घ्या, आमच्या घरचंच हाय."

तुमच्या घरचं पाणी कुठवर पोचलंय हो?